सहा नंबरचा बिनसाखरेचा चहा

थेल्मा फॉसडाइकला चौकशा करायची खोड होती, आणि ती लपवायची तिला कधी गरजच पडली नाही. थॉर्बीच्या बाजारपेठेत तिने एकतीस वर्षं बायकांचे केस कापले, रंगवले, कुरळे केले. मानेभोवती टॉवेल गुंडाळला की तिचं सुरू. जावई कसा आहे, गुडघा कसा आहे, शेजारीण परत बोलायला लागली का? जो केशकर्तनकार विचारत नाही त्याच्याकडे जातो कोण! गावातली निम्मी लग्नं तिला नवरदेवाच्या आधी कळायची.

मग एका फेब्रुवारीत तिचं दुकान फोडलं. चोराने आरसे फोडले, ड्रायर नेले आणि भिंतीवरचा तिच्या आईचा फोटो पायाखाली तुडवला. चोर काही सापडला नाही. गुन्ह्याची झळ लागलेल्यांना धीर देणाऱ्या संस्थेतून एक बाई आली, दोन तास बसली, तीन कप चहा प्यायली. जाताना थेल्माने तिला विचारलंच, "पकडलेल्या माणसांचं पुढे काय होतं हो? ठाण्याच्या त्या निळ्या दारामागे?"

"बघायचंय?" बाई म्हणाली. "त्यासाठी माणसं हवीच आहेत."

पोलिसांवर लक्ष ठेवायला लोकांनी निवडून दिलेल्या आयुक्तांच्या कार्यालयाचं ते काम. गावातल्याच साध्या माणसांनी, दोघादोघांनी, न कळवता ठाण्यात जायचं. सार्जंटने ताबडतोब आत घ्यायचं. कोठडीतल्या माणसाला जेवण मिळालं का, पांघरूण आहे का, वकिलाला कळवलं का, एवढंच विचारायचं. पगार नाही, नुसता पेट्रोलचा खर्च. थोडक्यात, लष्कराच्या भाकऱ्या. थेल्माने दुकान विकलं होतं, वेळ होता, तिने उडी मारली.

नियम वाचला तेव्हा मात्र ती मटकन खाली बसली. माणसाचं नाव विचारायचं नाही. आणि त्याने काय केलं, हे तर अजिबात विचारायचं नाही.

म्हणजे उपाशी मांजराला दुधाच्या राखणीला बसवल्यासारखंच झालं. मागच्या वसंतात तिचा तोल गेला. एक पोरगी रडत होती. थेल्मा बोलून गेली, "काय केलंस गं, राणी?" पोरीने घडाघडा सगळं सांगितलं, आधीच्या नवऱ्याच्या गाडीपासून कुऱ्हाडीपर्यंत. आयुक्तांच्या कार्यालयातून बोलावणं आलं. पुन्हा असं झालं तर ओळखपत्र परत द्यायचं. थेल्माने कानाला खडा लावला. तिला हे काम सोडायचं नव्हतं. दुकान गेल्यापासून माणसं भेटायची तिला ही एकच जागा उरली होती.

त्या मंगळवारी ती आणि लायनेल स्क्रिमशॉ दुपारी बाराला ठाण्यात पोचले. लायनेल निवृत्त भूगोल मास्तर. ती विचारणार, तो लिहिणार. नियमांची पुस्तिका त्याच्या कोटाच्या खिशात असे आणि बहुधा उशाखालीही.

सहा नंबरच्या कोठडीत पंचाहत्तरीचे एक गृहस्थ होते. दोघांना पाहून ते उठून उभे राहिले आणि पांघरुणाची घडी नीट नसल्याबद्दल त्यांनी माफी मागितली.

"ठीक आहात ना?" थेल्माने विचारलं.

"अगदी छान. धन्यवाद. माझ्यामुळे उगाच कुणाला त्रास नको."

लायनेलने लिहिलं, 'तक्रार नाही', आणि तो वळला. थेल्मा हलली नाही. कोठडीत गारवा होता आणि गृहस्थांच्या कपाळावर घाम. हात थरथरत होते. जेवणाचं ताट बाकावर तसंच, वरचा कागदही फाडलेला नाही.

'अगदी छान' या शब्दांचा तिला फार जुना राग होता. या गावातला माणूस बुडतानाही वर हात करून 'छान चाललंय' म्हणेल. तिचा नवरा म्हणालाच होता, 'पोटात जरासा वायू धरलाय, डॉक्टर कशाला?' शुक्रवारी म्हणाला. रविवारी गेला.

"चहा कसा घेता?" तिने विचारलं.

"दूध. साखर नको. अकरा वर्षं बंद आहे."

"का हो?"

"थेल्मा," लायनेल कुजबुजला, "आजाराचं विचारायचं ठाण्याच्या नर्सने."

"मी चहाचं विचारतेय, लायनेल. इन्सुलिनची सुई टोचता का हो, रोज?"

गृहस्थ गोंधळल्यासारखे तिच्याकडे बघत राहिले. "टोचली ना. सातला. लापशी गॅसवर होती... मग दार वाजलं."

"आणि हे जेवण?"

"एवढा गोंधळ घातल्यावर वर त्यांचं खायचं... बरं नाही दिसत. वाटलं, सोडतील, घरी जाऊन खाऊ."

थेल्मा दारातून ओरडली. तिचा आवाज ड्रायरच्या घरघरीवर मात करायला तयार झालेला होता. सार्जंट इबॉटसन धावत आला.

"मी विचारलं होतं त्यांना!" त्याचा चेहरा पांढरा पडला. "आजार आहे का, म्हणून. म्हणाले, सांगण्यासारखं काही नाही."

"आणि तू ऐकलंस! थॉर्बीतच जन्मलास ना रे, राजा? संत्र्याचा रस आण. आणि चार चमचे साखर घातलेला चहा. पळ!"

नर्स आली, बोटातून थेंब घेतला, रक्तातली साखर किती उतरलीय ते पाहिलं. मग म्हणाली, "अजून अर्ध्या तासाने हे उठले नसते."

वीस मिनिटांनी गृहस्थांच्या गालावर रंग आला. थेल्मा दारातच उभी होती. तिला हसू येत होतं आणि रडूही.

"तुम्ही मला विचारलं नाहीत," ते एकदम म्हणाले, "मी काय केलं ते."

लायनेलचं पेन थांबलं.

"विचारायचं नसतं."

"सकाळपासून सगळे तेच विचारताहेत. कुणाला सांगावंसं वाटलं नाही. तुम्हाला सांगतो." त्यांनी कप खाली ठेवला. "माझी मार्जोरी..."

थेल्माचे प्राण कानात गोळा झाले. एकतीस वर्षांत इतकं ऐकावंसं तिला कधी वाटलं नव्हतं. पण त्यांनी सांगितलं, तर उद्या कोर्टात त्यांच्याच विरुद्ध तिला साक्षीला उभं करतील.

"नको," ती म्हणाली. "बोलू नका. दोन वाजता वकील येईल. त्याला सांगा, मला सांगणार होतात तस्संच, मार्जोरीपासून. आणि 'सांगण्यासारखं काही नाही' म्हणालात तर बघा!"

गृहस्थांनी कप उचलून उरलेला चहा संपवला. मग त्यांनी होकारार्थी मान हलवली.

"आणि तुम्हाला कोण सांगणार?"

"मला कुणीच नाही सांगणार," थेल्मा म्हणाली, आणि सात नंबरकडे निघाली.