दाराला मारलेले दोन टाके

जगात जे जे हलतं ते ते चुकीचं आहे, असं मनापासून मानणारा माणूस मी एकच पाहिला, आणि माझं नशीब असं की तो माझा साडू निघाला. भिलाईच्या पोलाद कारखान्यात उभी हयात वेल्डर म्हणून गेली. कारखान्यानं त्यांना निवृत्त केलं, पण त्यांनी वेल्डिंगला काही निवृत्त केलं नाही. कुठे खडखड ऐकू आली की या माणसाच्या कपाळावरची शीर उडायला लागते. मुलाच्या सायकलचं स्टँड वाजतं म्हणून ते वर करून कायमचं जोडून टाकलं. पोरगं मॅट्रिक होईपर्यंत सायकल भिंतीला टेकवत फिरलं. सेक्टर सहाच्या क्वार्टरमधला लोखंडी पलंग कुरकुरायचा, तोही खोलीतल्या खोलीत चहूबाजूंनी जोडला. पुढे वैशाली नगरात घर बांधलं तेव्हा तो पलंग कुठल्याच दारातून निघेना, आणि पुढच्या बिऱ्हाडाला आंदण द्यावा लागला. "कापून काढा की," मी म्हटलं. त्यांनी माझी कीव केली. "साडभाऊ, जोडाचं सारं सामान हाय माह्यापाशी. तोडाचं मी ठेवतच नाई. माह्या हातचा जोड आजवर कोणी तोडला नाई." हे वाक्य मी लग्नकार्यात, बारशात आणि एकदा तर स्मशानातही ऐकलं आहे.

त्यांची बायको म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण. आम्ही सगळे तिला ताई म्हणतो. ताईनं लग्नापासून एकच गोष्ट मागितली होती, एकदा समुद्रात पाय बुडवायचे. दरवर्षी साडूंचं काहीतरी निघायचं, कधी भट्टीचा शटडाऊन, कधी ओव्हरटाइम. शेवटी ताईचे गुडघे कुरकुरायला लागले आणि ते काही जोडता येईनात, तेव्हा स्वारी जागी झाली. शहाण्या माणसानं रेल्वेची तिकिटं काढली असती. यांनी शाळेची जुनी मिनीबस आणून तिची घरगाडी केली, कारण "हॉटेलातले पलंग वाजतेत". आत दोन बाकं, शेगडी, आणि चालकाच्या सीटमागे या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत छातीइतकी उंच पाण्याची टाकी. सगळं लोखंडी अँगलचं, सगळं पक्कं. साधा चढ आला तरी गाडी दम्याच्या रोग्यासारखी धापा टाकायची.

आम्हा चौघांना जायचं होतं ओडिशाच्या पार उत्तर टोकाला, कोळ्यांच्या एका गावी. दुसऱ्या दिवशी पहाटे बालेश्वरच्या अलीकडे बाजूच्या दाराची कडी तुटली आणि दार वाजायला लागलं. साडूंनी लगेच एका गॅरेजपाशी गाडी लावली आणि तिथल्या मिस्त्रीच्या हातातून वेल्डिंगची मशीन काढून घेतली. "दोनच टाके मारतो." दोघी बहिणी आत गाढ झोपल्या होत्या. मी चहा पीत उभा होतो आणि खरं सांगतो, मलाही बरंच वाटलं.

तासाभरात गावात पोचलो. ओढून ठेवलेल्या होड्या, सुकटीचा वास, आणि सुरूच्या झाडांपर्यंत तुडुंब भरलेला समुद्र. साडू ऐटीत म्हणाले, "चाल, उतर." मग आमच्या लक्षात आलं की उतरायचं कुठून? मागचं एकुलतं एक दार तर जोडलेलं. खिडक्यांना शाळेच्या काळातले गज. माझी बायको टाकीवरून सरपटत चालकाच्या दारानं कशीबशी बाहेर आली. ताईच्या गुडघ्यांना ते शक्यच नव्हतं. साडूंनी दाराला खांदा दिला, लाथा घातल्या, पण जोड त्यांच्या हातचा होता.

त्यात त्या गावचा समुद्र आमच्या साडूंच्या अगदी उलटा. एका जागी राहतच नाही. बघता बघता पाणी मागे सरकलं आणि कोसभर नुसती ओली वाळू उरली. "शाम को आएगा बाबू," एक म्हातारा कोळी म्हणाला. ताई गज धरून बघत होती. "अवो, राहू द्या ना. मले अथूनच दिसून राहिला. चांगला दिसून राहिला."

माझं डोकं फिरलं. "इतक्या वर्षांनी आणलंत, आणि पिंजऱ्यात घालून आणलंत!" मी बोललो. बोलायला नको होतं. साडू तडक धक्क्याकडे चालत गेले आणि ट्रॉलर दुरुस्त करणाऱ्यांकडून हातगाडीवर गॅस कटर घेऊन आले. बरोबरचा कारागीर दाराकडे निघाला, तर त्याला हातानंच थांबवलं. "नाई. माह्या हातचा हाय." ताईला टाकीपाशी सरकायला सांगितलं, काळा चष्मा लावला आणि स्वतःचा जोड स्वतः कापायला बसले. दार उघडलं तेव्हा ताईला हात देऊन त्यांनीच खाली उतरवलं.

संध्याकाळी पाणी परत आलं. ताई नवऱ्याच्या दंडाला धरून पोटरीइतक्या पाण्यात उभी राहिली आणि लहान मुलीसारखी हसत सुटली. साडू कारखान्याच्या जड बुटांसकट उभे होते. त्यांच्या पायांखालची वाळू सरकत होती आणि त्यांनी ती सरकू दिली.

परतताना दार दोरीनं बांधलं होतं आणि भिलाईपर्यंत ते खडखडत आलं. संबलपूरला मीच कंटाळून म्हटलं, "मारा आता टाका." "वाजू द्या, साडभाऊ. तिनं हात लावला का उघडलं पाह्यजे."

अजून ते दार तसंच आहे. ताईला आता चालवत नाही, म्हणून साडू तिला रोज संध्याकाळी त्या गाडीतून वैशाली नगरात फिरवून आणतात. आमच्या घराच्या दोन गल्ल्या अलीकडेच खडखड ऐकू येते आणि माझी बायको चहाचं आधण ठेवते. परवा पाना शोधायला मी त्यांची पेटी उघडली, तर सगळ्यात वर लोखंड कापायच्या करवतीचं नवं पातं. मी झाकण लावलं आणि त्यांना सांगितलं की पेटीच सापडली नाही.