रविवारी ऐकलेले पोपट

जपानमधल्या त्सुकुबा शहरातल्या आमच्या लॅबने पोपटांचं काम बंद करायचं ठरवलं. हे पोपट विषुववृत्तावरच्या एकाच लहानशा बेटावर उरलेत. तिथल्या जंगलात लावलेल्या रेकॉर्डरमधले त्यांचे आवाज ऐकणं, हे माझं काम.

"थोडेच उरलेत, पिल्लंही होत नाहीत. तुम्ही दुसरा विषय घ्या," आमचे प्राध्यापक मीटिंगमध्ये म्हणाले.

"घेते, सेन्सेई. पण हेही सोडणार नाही."

सगळे खाली बघू लागले. इथे असं तोंडावर कुणी बोलत नाही.

मग मी घरी, रविवारी पोळ्या लाटताना स्पीकरवर ते आवाज लावू लागले. "आई, उरुसाई!" लेक कानांवर हात ठेवून जपानीत ओरडायची. किती कटकट, असं तिचं म्हणणं. मी आवाज आणखी वाढवायचे.

एका रविवारी त्या कलकलाटात एक चिरका, हावरा आवाज आला. लाटणं हातातच राहिलं. भुकेलं पिल्लू!

सोमवारी सेन्सेईंना ऐकवलं. "एकच तर आहे," ते म्हणाले.

"आहे ना?" मी म्हणाले.

त्याच दुपारी बेटावरच्या वनरक्षकांना कळवलं. त्या रेकॉर्डरजवळच्या एका झाडावर त्यांना घरटं सापडलं. घरट्यापर्यंत उंदीर चढू नयेत म्हणून त्यांनी त्या झाडाच्या बुंध्याला पत्रा ठोकला. मी अजून ऐकतेय.