भिंतीकडे तोंड करून

एस्तेर टीचरांच्या क्लासला कुणी नवी गिटार घेऊन आलं की बाकीच्या सगळ्यांना भिंतीकडे तोंड करून उभं राहावं लागे. रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटलं असतं, आत शिक्षा चालली आहे. नाशिकच्या शरणपूर भागातल्या त्यांच्या बैठ्या घराची पुढची खोली म्हणजे क्लास, आणि त्या खोलीची ती भिंत आम्हाला तोंडपाठ झाली होती. ओल येऊन सुटलेले रंगाचे पोपडे, मधोमध एक खिळा, आणि त्या खिळ्याला वर्षानुवर्षं काहीच टांगलेलं नाही. आम्ही वळलो की मागे टीचर आधी एक गिटार वाजवत, मग दुसरी. एक त्यांची स्वतःची, प्लायवूडची, पोटाशी किंचित फुगलेली. दुसरी नव्याने आलेली. मग विचारत, "सांगा, यातली महागाची कुठली?" आम्ही पाठीमागे हात नेऊन एक किंवा दोन बोटं दाखवायची. मतं कायम निम्मी इकडे, निम्मी तिकडे पडत. टीचर नव्या गिटारच्या मालकाकडे बघून अगदी मायेने म्हणत, "छान आहे हं तुझी. पिशवी पण छान आहे."

मला तो खेळ आवडायचा, कारण भिंतीकडे बघताना आपला चेहरा कुणाला दिसत नाही. मी तेव्हा कॉन्व्हेंटमध्ये नववीत होते आणि चारचौघांत तोंड उघडायचं म्हटलं की कुणाच्या तरी मागे जाऊन उभी राहायचे. गिटार शिकायची कल्पना पप्पांची. त्यांना वाटलं होतं, हातात वाद्य आलं की पोरगी जरा मोकळी होईल. ते अंबडच्या एका कंपनीत परचेसला होते. कुठलीही वस्तू तीन ठिकाणी भाव काढल्याशिवाय घ्यायची नाही, हा नियम ते घरी भाजी आणतानाही पाळत. पहिल्या दिवशी त्यांनी टीचरांना विचारलं की कुठली गिटार घ्यावी. टीचर म्हणाल्या, "दुकानात सगळ्यात स्वस्त असेल ती घ्या आणि माझ्याकडे आणा, पुढचं मी बघते." पप्पांना इतकं सरळ उत्तर आयुष्यात कुठल्या विक्रेत्याने दिलं नसावं. परत येताना ते स्कूटरवर शीळ घालत होते.

पुढचं बघणं म्हणजे काय, ते आठवड्याभरात कळलं. गिटारच्या तारा खाली ज्या पांढऱ्या पट्टीवर टेकतात, ती पट्टी टीचरांनी काढली, ओट्यावर पॉलिश पेपर पसरला आणि खोबरं किसावं तशी ती घासत बसल्या. पट्टी झिजली, तारा खाली बसल्या, आणि माझी सुजलेली बोटं पहिल्यांदा पूर्ण कॉर्ड धरू शकली. टीचर म्हणाल्या, "पोरं गिटार सोडतात ती बोटं दुखतात म्हणून. आवाज वाईट आहे म्हणून सोडलेला एक दाखव मला." त्यांचं हे म्हणणं क्लासमध्ये आलेल्या प्रत्येक आईबापाने ऐकलेलं होतं.

टीचर तेव्हा पन्नाशी ओलांडलेल्या. उंचीने कमी, दंडाने मजबूत. सुती साडी, पदर कमरेला खोचलेला, आणि त्यावर गिटार. भाकरी थापणाऱ्या बाईच्या हाताला असतो तसा जोम त्यांच्या उजव्या हातात होता. दर रविवारी त्या चर्चमध्ये उपासनेला वाजवत. तिथे माइक नव्हता आणि मंडळी गायला लागली की छप्पर हालायचं, त्या सगळ्यांना तालात धरून ठेवायचं काम या एका हाताचं. त्यामुळे आम्हालाही त्या तसंच शिकवत. "मंडळी शेवटच्या बाकावर पण बसते," हे वाक्य त्या प्रत्येक धड्यात एकदा तरी म्हणत. त्यांचे मिस्टर, शमुवेल काका, नाशिकरोडला प्रेसमध्ये, म्हणजे नोटा छापतात तिथे, नोकरीला होते. कुणी महाग गिटारचा विषय काढला की टीचर काकांकडे हात करून म्हणत, "ह्यांनी जन्मभर नोटा छापल्या. तरी मी प्लायच वाजवते. आता बोला." काका पेपरमधून डोकं न काढता म्हणत, "मोजायला देतात, घरी न्यायला देत नाहीत ना."

माझी अडचण बोटांची नव्हती. माझा आवाजच येत नसे. धडा देऊन टीचर आतल्या स्वयंपाकघरात जात आणि तिथून कान देत. मध्ये फक्त एक दार आणि दारावर फुलांचा पडदा. बाकीच्यांना त्या आतून सांगत, इथे चुकलास, तिथे घाई केलीस. मी वाजवायला लागले की आतून विचारत, "अनू, आहेस ना? की गेलीस घरी?" पोरं हसायची. मी आणखी हळू वाजवायचे. जोरात वाजवायला गेले की तारा खडखडत आणि मला स्वतःचीच लाज वाटे. टीचर कधी रागावल्या नाहीत. एकदा फक्त जवळ बसून म्हणाल्या, "तुझं इंग्रजी हळू, तुझं मराठी हळू, निदान गिटार तरी जोरात कर गं." मी मान हलवली. मान हलवणं मला चांगलं जमायचं.

अकरावी संपली तेव्हा मी मनाशी ठरवलं होतं की आता सोडायचं. बारावीचं कारण तयारच होतं, कुणाला काही समजावून सांगावं लागणार नव्हतं. आईला सांगितलं, ती ठीक आहे म्हणाली. टीचरांना सांगायचं राहिलं होतं, आणि ते मी एकेक दिवस पुढे ढकलत होते.

त्याच सुट्टीत कुणालची गिटार आली. कुणाल इंजिनिअरिंगला होता, क्लासमधला सगळ्यात बोलका मुलगा. त्याचा मामा परदेशातून आला होता आणि त्याने भाच्यासाठी एक गिटार आणली होती. तिची पेटीच अशी की उघडताना सगळे नकळत एक पाऊल मागे सरकले. पुढची फळी सलग लाकडाची, मधासारख्या रंगाची. कुणालने किंमत सांगितली, तेव्हा शमुवेल काकांनी पहिल्यांदा पेपर खाली ठेवला. टीचर म्हणाल्या, "चला, भिंतीकडे." आम्ही वळलो. त्यांनी नेहमीच्या जोमाने आधी एक वाजवली, मग दुसरी, उपासनेचं एक गाणं दोन्हींवर. आम्ही बोटं दाखवली. निम्मी इकडे, निम्मी तिकडे. मी चुकीचं बोट दाखवलं होतं. कुणालही हट्टाने आमच्याबरोबर वळला होता; तोही चुकला, स्वतःच्याच गिटारला. "अहो टीचर, तुम्ही कशावरही वाजवलं तरी सारखंच ऐकू येतं," तो कुरकुरला. टीचरांना ती स्तुती वाटली. मलाही तेव्हा तशीच वाटली.

कुणालच्या घरी रंगकाम चाललं होतं, म्हणून ती पेटी काही दिवस टीचरांकडेच राहिली. एका दुपारी मी क्लासला एकटीच होते. आज सांगायचंच, असं ठरवून आले होते. टीचर म्हणाल्या, चहा टाकते, तोवर ती कुणालची वाजवून बघ, नाहीतरी पडूनच आहे. त्या आत गेल्या. मी पेटी उघडली. ती गिटार मांडीवर घेताना भीती वाटली, दुसऱ्याचं तान्हं मूल घेतल्यासारखी. मी नेहमीचाच सोपा धडा घेतला, एकेक तार छेडायचा. माझ्या नेहमीच्याच हाताने, म्हणजे जेमतेम.

आणि आवाज आला. मोठा नाही. पण मी तारेला जेवढं सांगितलं होतं तेवढं सगळं आलं. आणखी हळू छेडलं, तर आणखी हळू पण पूर्ण आलं. माझ्या प्लायवर एवढ्या हळू हाताला नुसता टक असा आवाज यायचा, इथे सूर येत होता आणि उरत होता. मी पहिल्यांदा धडा शेवटपर्यंत वाजवला. आतून कसलीच हाक आली नाही. मग करपल्याचा वास आला.

चहा उतू जाऊन गॅस विझला होता. टीचर दारात उभ्या होत्या, हातात सांडशी, पडदा खांद्यावर. त्यांनी सांडशी खुर्चीवर ठेवली, चालत भिंतीपाशी गेल्या आणि आमच्यासारख्याच, खिळ्यासमोर, भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "दोन्ही वाजव. तुझ्या हाताने. मला जोरात नको."

मी वाजवलं. आधी माझी, मग कुणालची. त्यांनी पाठीमागे हात नेऊन दोन बोटं दाखवली. मी क्रम बदलला. एक बोट. पुन्हा बदलला, आणि दर वेळी त्यांचं बोट बरोबर. त्या तशाच उभ्या राहिल्या, पाठमोऱ्या. पदराचं टोक कमरेतून सुटलं होतं, ते त्यांनी पुन्हा खोचलं.

"इतकी वर्षं मी पोरांना जोरात वाजवून विचारत होते," त्या भिंतीलाच सांगितल्यासारख्या म्हणाल्या. "असं धोपटल्यावर प्लाय काय आणि सोनं काय." मग वळल्या आणि हसल्या. त्या हसण्यात खजीलपणा होता, पण दुःख नव्हतं. म्हणाल्या, "तुला मी उगाच जोरात जोरात करत बसले. तुझा हात बरोबर आहे गं अनू. त्या लाकडाला तो कळत नव्हता."

सोडण्याविषयी जे सांगायचं होतं ते मी सांगितलं नाही. नवीन चहा झाला, तो आम्ही प्यायलो.

त्या रविवारी उपासना आटोपून टीचर थेट आमच्या घरी आल्या. पप्पा चकित झाले. टीचरांनी पोहे होईपर्यंतही धीर धरला नाही, सरळ म्हणाल्या, "भाऊ, मी तुम्हाला सगळ्यात स्वस्त घ्या म्हणाले होते. आता चांगली घ्या." पप्पांनी चष्मा पुसला. परचेसचा माणूस, एकाच विक्रेत्याकडून दोन उलटी मतं आली की त्याला संशय येतोच. त्यांनी विचारलं की क्लासमधल्या सगळ्यांना घ्यायला लावताय का. टीचर म्हणाल्या, "छे. कुणालला तर त्या गिटारची काही गरज नाही, तो माझ्यासारखा धोपटतो. त्याला प्लाय पुरे. हिच्या हाताला लागते."

मग पप्पांनी त्यांच्या दृष्टीने महत्त्वाचं ते विचारलं, की किमतीत वर जायचं तर कुठपर्यंत जायचं.

"हिचा आवाज माझ्या स्वयंपाकघरात पोचेल इथपर्यंत," टीचर म्हणाल्या. "त्याच्यापुढे एक रुपया नको."

मुंबईच्या एका दुकानात आम्ही तिघं गेलो. विक्रेता तरुण होता, बोलायला चलाख. टीचर आत शिरल्या, दुकान बघितलं, आणि जिथे काही टांगलेलं नव्हतं असा भिंतीचा तुकडा शोधून त्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या. विक्रेत्याने पप्पांकडे बघितलं. पप्पा म्हणाले, "चालू द्या, आमची पद्धत आहे." मग अनोळखी माणसांनी भरलेल्या त्या दुकानात मी एकामागून एक गिटार वाजवत गेले. टीचर पाठमोऱ्या होत्या, म्हणून मला जमलं. सलग लाकडाची पहिली गिटार आली तेव्हा त्यांची मान किंचित तिरपी झाली. शेवटी विक्रेत्याने दांड्यावर शिंपल्याची पाखरं जडवलेली एक काढली, आधीच्या दुप्पट किमतीची. ती मी वाजवली. टीचर भिंतीकडूनच म्हणाल्या, "आवाज मघाचाच आहे. जास्तीचं काय आहे तिच्यात?" मी म्हणाले, पाखरं आहेत. "मग मघाची," त्या म्हणाल्या, आणि पप्पांनी तीन ठिकाणी भाव न काढता घेतलेली ती माझ्या आठवणीतली पहिली वस्तू.

त्यानंतर क्लासचा खेळ बदलला. नवी गिटार आली की टीचर वाजवत आणि मग मला वाजवायला लावत. त्या वाजवत तेव्हा मतं निम्मी-निम्मी पडत. मी वाजवायचे तेव्हा सगळी बोटं सारखी. टीचर मालकाला म्हणत, "आता तुझा हात कसा आहे ते तू ठरव." आणि मी वाजवताना त्या चहा टाकत नसत. आत जात, पण गॅस बंद करून ऐकत. "एकदा चहा घालवलाय हिने माझा," असं काकांना सांगत.

पुढे मी पुण्याला शिकायला गेले, तिथेच नोकरीला लागले. नाशिकला आले की गिटार घेऊन त्यांच्याकडे जायचे. टीचर वारल्या त्याच्या आधीच्या नाताळातही मी गेले होते. क्लास बंद झाला होता. काकांनी दार उघडलं आणि मला बाजूला घेऊन सांगितलं की हिचा डावा कान पूर्ण गेला आहे, उजव्याने थोडं येतं, मोठ्याने बोल. टीचर आतून आल्या, गालाला हात लावला, बारीक झालीस म्हणाल्या, आणि दूध तापवायला परत आत गेल्या. जाताना बोटाने गिटारकडे खूण केली.

मी वाजवायला बसले. जोरात वाजवावं का, असा विचार मनात आला. हाताने ऐकलं नाही. तो त्याच्या सवयीने हळूच चालला, तारेला जेमतेम लागत. धडा संपला. आतून हाक आली नाही. आणखी एक वाजवला. पडदा हलला नाही, भांड्याचा आवाज नाही. मला वाटलं, आता नाहीच पोचत. काका पेपरआडून माझ्याकडे बघत होते.

मी गिटार खाली ठेवली आणि पडदा सरकवून आत गेले. ओट्यावर दुधाचं पातेलं होतं, कोमट. गॅस बंद होता. टीचर फडताळाशेजारच्या भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या, उजवा कान दाराकडे.

"का थांबलीस?" त्या म्हणाल्या.