आमची एका जीपची टीम

गॅरेज म्हणजे काय, तर गाडी दुरुस्त होईपर्यंत बसून राहायची जागा. आणि बसलेला माणूस गप्प राहत नाही. म्हणून आमच्या महाडच्या गॅरेजात नट-बोल्ट कमी आणि किस्से जास्त साठले. माझी शाळा चौथीत सुटली, तेव्हा शुद्धलेखन तपासायला बसला असाल तर आधी उठा!

हे सगळं ऐंशी सालाच्या आगेमागचं. पुण्या-मुंबईची पोरं यायची, आमच्याच घाटात रेस लावायची आणि आमच्याच तोंडावर धूळ उडवून जायची. मला ते बघवेना. ठरवलं, आपली पोरं उतरवायची. बस्स!

*

टीम म्हणजे लिलावात घेतलेली एक जुनी मिलिटरी जीप. चालवायला उमरठचा सुदाम, वय वीस. शेजारी बसून पुढचं वळण ओरडून सांगायला नाते गावचा गौतम, मॅट्रिक पास, कोर्टात कारकून. आणि शिव्या द्यायला मी.

पहिल्या रेसला पुण्याची टीम सारख्या टोप्या घालून आली. त्यांचा मॅनेजर मला विचारतो, "तुमचा मेकॅनिक कोण?"

"मी."

"मॅनेजर?"

"मीच."

"आणि पोरांना शिकवतं कोण?"

"अरे बाबा, इथं काय पण विचार, तो मीच हाय. फक्त ड्रायव्हर मी नाय, म्हणून बरं चाललंय!"

त्या दिवशी आम्ही शेवटून दुसरे आलो. शेवटून पहिला एक टोपीवाला होता, हे पण लिहून ठेवतो.

*

माझा एक नियम होता. स्टिअरिंगला हात लावायच्या आधी पोरानं आंबेनळी घाट पायी चढायचा. पोलादपूरपासून वरपर्यंत, वळणं मोजत. घाट आधी पायाला कळतो, मग चाकाला.

एकदा एका कंत्राटदाराचा मुलगा आला. डोळ्यावर काळा चष्मा. "काका, मी गाडी चालवायला आलोय, चालायला नाही."

"मग वाट बघ. गाडी पण तुझ्यासाठी आलेली नाय."

शेवटी गेला चालत. दुपारी परत आला तो दुधाच्या टेम्पोतून!

विचारलं, "वळणं किती रे?"

"येताना मोजणार होतो, काका. झोप लागली."

*

चालून झालं की परीक्षा. आता परीक्षा कशी घ्यायची? माझ्या बायकोला घाटात गाडी लागते. पहिल्या चार वळणांत बाहेर डोकं! मी तिला जीपमध्ये मागं बसवायचो. ती न ओकता वर पोचली तर पोरगा पास.

"मी काय मीटर हाय काय?" ती करवादायची. पण बसायची. पोरांवर जीव होता तिचा.

सुदाम दोनदा नापास झाला. दुसऱ्यांदा तर ती खाली उतरून म्हणाली, "ह्याच्यापेक्षा बैलगाडी पळव रे मुडद्या!" सुदाम महिनाभर रोज एकटाच घाटात जायचा. गचका न देता गिअर कसा पडतो ते शिकत होता. तिसऱ्या खेपेला वर पोचलो, तर मागून आवाज नाही. घाबरून वळून बघतो, तर बाई घोरतेय!

*

गौतमनं घाटाची वही केली होती. प्रत्येक वळणाला नाव. आंब्याचं वळण, पाण्याचं वळण, टपरीचं वळण. अक्षर असं, की कोर्टात सुद्धा तसं नसेल.

रेसच्या दिवशी चहाच्या टपरीवाल्यानं बघितलं, लोक दोन वळणं खाली जमलेत. त्यानं टपरी उचलली आणि गर्दीत नेऊन मांडली! जीप आली सुसाट. गौतमला टपरी दिसली, आणि वहीत टपरीचं वळण डावं. ओरडला, "टपरी! डावीकडं!"

डावीकडं गवत होतं, म्हणून दोघं वाचले. जीप गवतात, नाक खाली, चाकं वर. टपरीवाला धावत आला. मला वाटलं, हात द्यायला.

म्हणतो, "चहा दोन का तीन?"

*

सुदामचा बाप शिवराम एसटीवर ड्रायव्हर. महाड-महाबळेश्वर गाडी, तीस वर्षं. कधी घासली नाही, कधी उशीर नाही. जीप गवतात गेली ते त्याच्या कानावर गेलं आणि तो गॅरेजात येऊन उभा राहिला.

"मिस्त्री, तीस वर्षं मी माणसं पोचवतोय. हा कुणाला पोचवणार?"

मी आवाज चढवला. त्यानं लक्ष दिलं नाही. पोराला एवढंच म्हणाला, "रेस खेळायची तर घरात पाय ठेवायचा नाय."

सुदामनं मान खाली घातली, आणि गॅरेजातच अंथरूण टाकलं. घरची आठवण काढायचा, पण रेस सोडतो म्हणाला नाही. बाप पण तसलाच. दोघांचा पाना एकाच मापाचा!

आई भाकरीचा डबा पाठवायची. कशातून? बापाच्याच एसटीतून! मी एकदा शिवरामला डिवचलं, "काय ड्रायव्हरसाहेब, कुणाचा हो डबा?"

"मला काय म्हाईत? लगेज हाय. तिकीट फाडलंय."

*

दिवाळीनंतरची रेस आंबेनळीतच होती. आधी मोटारसायकली चढायच्या, मग दहा मिनिटं रस्ता खुला करून एसट्या सोडायच्या, मग जीपा. पायथ्याला अडकलेल्या तीन एसट्यांत सगळ्यात पुढची शिवरामची!

सुदामनं बापाला बघितलं आणि तळहात पँटीला पुसले. मी म्हटलं, "मान पुढं ठेव!"

मोटारसायकली संपल्या. हवालदारानं शिट्टी मारली, "एसटी, चला!" मागच्या दोन्ही एसट्या बाजूनं निघून गेल्या. शिवरामनं इंजिन बंद केलं आणि खाली उतरला.

आत पॅसेंजर खवळले. एक बाई खिडकीतून ओरडली, "ओ ड्रायव्हर, बारशाला चाललोय! पोचेपर्यंत पोर शाळेत जाईल!"

शिवराम जीपांकडं तोंड करून उभा राहिला.

जीपा एकेक करून सुटल्या. सुदाम चौथा. झेंडा पडला, जीप गेली, पहिल्या वळणाआड दिसेनाशी झाली. शिवराम डोळे मिटून उभा. डावा पाय मातीत क्लच दाबत होता.

"तिसरा टाकलान..." तो पुटपुटला. "आता काढ... काढ रे... काढलान."

जीपचा आवाज वर वर गेला. आणि माथ्याच्या अलीकडं एकदम थांबला. शिवरामचा पाय हवेत तसाच. मी त्याच्या तोंडाकडं बघितलं नाही. माझ्यानं होईना.

मग पुन्हा आला. बारीक, पण सरळ. डोंगराआड गेला होता, एवढंच.

शिवरामनं डोळे उघडले. "ब्रेक कमी वापरतो," म्हणाला आणि गाडीत चढून बसला. शेवटची जीप जाऊन रस्ता खुला होईपर्यंत तसाच.

सुदाम दुसरा आला.

संध्याकाळी डेपोत कंट्रोलरनं वही पुढं केली. तीस वर्षांत शिवरामच्या नावावर उशिराचा एक शेरा नव्हता. कंट्रोलर भला माणूस. म्हणाला, "शिवरामभाऊ, 'रस्ता बंद होता' एवढं लिहा, विषय संपला."

शिवरामनं पेन घेतलं. त्यानं काय लिहिलं ते त्याच्या कंडक्टरनं मला शब्द न् शब्द सांगितलं:

"रस्ता खुला होता. माझा मुलगा घाट चढणार होता. मी थांबलो."