खिल्लारे सरांचे चार अर्ज

प्रा. मारोतराव खिल्लारे सरांची आणि माझी पहिली भेट संशोधन सहायकाच्या मुलाखतीत झाली. माझे गाव चारठाण्याजवळचे. सरांनी विचारले, "तुमच्या गावात प्यायच्या पाण्याच्या विहिरी किती?"

"एक," मी म्हणाले.

"दोन हायत, बाई. आमी दोन्हींचं पाणी तपासलंय."

बौद्ध वस्तीची विहीर मी जन्मात पाहिली नव्हती. तरीही सरांनी नोकरी मलाच दिली.

नामांतराच्या त्या वर्षांत गावागावांत माणसे एकमेकांशी बोलेनाशी झाली होती. ताडकळसच्या बौद्ध कुटुंबात वाढलेले सर मात्र दर महिन्याला एसटीने हिंडून प्रत्येक गावच्या दोन्ही विहिरींचे पाणी बाटल्यांत भरून आणत. वस्तीचे पाणी बहुतेक ठिकाणी लय खारट. ते आकड्यांनी सिद्ध झाले तर नव्या विहिरी मागता येतील, एवढाच त्यांचा हेतू होता. नोंदवह्या वाळवीने खाल्ल्या, पण त्याआधी आम्ही सगळे आकडे विद्यापीठाच्या सामाईक संगणकावर चढवले होते. दुसरी प्रत कुठेच नव्हती.

त्या संगणकाच्या डिस्कवर प्रत्येक विभागाला ठरावीक जागा असे. आमची भरली. सरांनी वाढीव जागेसाठी अर्ज केला. उत्तर आले नाही. दुसरा अर्ज शिफारस नाही म्हणून परत आला, तिसरा शिफारस जुनी झाली म्हणून. चौथ्या अर्जावर डिस्कची जागा वाटणाऱ्या समितीने बोलावले. फाईल घेऊन मी सोबत होते.

अध्यक्ष सौजन्याने म्हणाले, "एका गावाला एक विहीर पुरे की. दोन कशाला?"

"गावात दोन हायत म्हणून, साहेब," सर म्हणाले.

जागा नामंजूर झाली. महिनाअखेर निम्म्या नोंदी काढा, नाहीतर संगणक केंद्र सगळ्याच काढून टाकील, असे पत्र आले. एवढे आकडे हाताने उतरवायला वेळ नव्हता आणि छपाईलाही त्याच समितीची मंजुरी लागे.

पडद्यासमोर बसून मी विचारले, "सर, कोणत्या काढू?"

"गावच्या काढा."

"मग तुलना कशाशी करायची?"

सरांनी पडद्यावरच्या वस्तीच्या नोंदींवर बोट ठेवले. मग म्हणाले, "वस्तीच्या काढल्या, तर त्या विहिरी होत्या हेबी कुणाला कळायचं न्हाई."

मी एकेक गाव पुसत गेले. माझ्या गावाचे नाव आले तेव्हा माझा हात थांबला. सर म्हणाले, "उठा बाई. हे मी करतो." ती नोंद त्यांनी स्वतः पुसली. एवढ्या वर्षांच्या कष्टांची माती होत असतानाही माझ्या मनाला लागू नये याची काळजी त्यांना होती.

नव्या विहिरींसाठी सरकारकडे पाठवलेला आमचा अहवाल 'तुलनेस आधार नाही' असा शेरा घेऊन परत आला. नव्या विहिरी झाल्या नाहीत. पुढे संगणक बदलला, त्यात वस्तीच्या नोंदीही गेल्या.

गौरवग्रंथात यशाबद्दल लिहावे, हे मला कळते. माझ्याकडे लिहायला ते नाही. साठी पूर्ण करणाऱ्या सरांना मी परवा विचारले, "पुन्हा सुरू करू या का?" ते म्हणाले, "आणून ठेवायचं कुठं, बाई?"

सरांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो. आमच्या गावांनी कोणाला कसले पाणी पाजले, हे आता त्यांच्याखेरीज कुणालाच नीट सांगता येणार नाही.