नकाशातला निळा पट्टा

शेतातलं, रानातलं किती पाणी वाफ होऊन उडतं, त्याचा नकाशा आमच्या ऑफिसात उपग्रहाच्या चित्रांवरून तयार होतो. जिथून जास्त वाफ, तिथे गडद निळा रंग. परवा उन्हाळ्याच्या तपकिरी नकाशात नदीचा पट्टा असा निळाशार उमटला, की साहेब खुर्चीतून उठलेच. "वा! काय निरोगी पीक आहे!"

मी रोज त्याच नदीच्या पुलावरून नाक दाबून येते. पीक कसलं, जलपर्णी आहे ती. इतकी दाट, की वर पडलेलं मेलेलं कुत्रं बुडतसुद्धा नाही. खाली काळं, बुडबुडणारं पाणी आणि घशात उतरणारा वास.

"सर, ती गटाराच्या पाण्यावर वाढलीय," मी म्हटलं.

"पण पानं निरोगी आहेत ना? उपग्रहाला पानंच दिसतात."

ते खरंच होतं आणि त्या खरेपणाचीच मला शिसारी आली. पानांतून आभाळात जातं ते शुद्ध पाणी. घाण खालीच राहते आणि तिच्यावर पानं आणखी तकतकीत होतात. का नाही होणार? रोज सकाळी फ्लशचं बटण दाबून अख्खं शहर त्यांना खत घालतं. नाक दाबून पुलावर येण्याआधी मीही घालूनच निघते.