गुलाबी काचेच्या नऊ पाकळ्या

बिघडलेली यंत्रं दुरुस्त करणारी माणसं गावोगाव असतात. धडधाकट चाललेलं यंत्र दुरुस्त करायला घेणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. ते म्हणजे परभणीतले आमचे घरमालक. नोकरीनिमित्त मी त्यांच्या घरातली पुढची खोली भाड्यानं घेतली, तेव्हा खोलीतला पंखा झकास फिरत होता. तिसऱ्या दिवशी 'ह्याचा आवाज मला पटंना' म्हणत त्यांनी तो उतरवला, आणि पुन्हा चढवला तेव्हा तो छताला वारा घालू लागला. "गरम हवा वर असती. तिला आधी गार करायलाय त्यो," असं त्यांनी मला समजावलं. आणि मला ते दोन दिवस पटलंही.

त्यांचा धंदा फरशी बसवण्याचा. माणसांना ते सरसकट अरे-तुरे करत, यंत्रांना मात्र अहो-जाहो. मोटर अडली की पितळी पेला उलटा करून तिला लावत, त्यावर कान टेकवत आणि दवाखान्यातल्या डॉक्टरसारखं विचारत, "काय व्हायलंय तुमाला?" दुसरं त्यांचं वेड पाणी जपण्याचं. बहात्तरच्या दुष्काळात त्यांनी मैलभरावरून पाणी वाहिलं होतं, तेव्हापासून त्यांच्या घरात पाणी वाया जात नसे. तांदूळ धुतलेलं पाणी म्हशीला, आंघोळीचं लिंबाच्या झाडाला. फरशी कापायच्या मशीनची चकती खालच्या ट्रेमधल्या पाण्यात अर्धी बुडून फिरे, त्या ट्रेमधलं पाणी तर दिवाळीपासून तेच होतं. गाळ खाली बसला की वरचं निवळ वापरायचं, असा त्यांचा कायदा होता.

त्यांचे एकुलते एक मित्र म्हणजे चाचा. चाचा काचकाम करत. दाराच्या वरच्या अर्धगोलात रंगीत काचांची फुलं बसवावीत तर चाचांनीच. त्या वर्षी झरीच्या बाजूच्या एका वस्तीत नवं विहार बांधून झालं होतं आणि बुद्धपौर्णिमेला त्याचं दार उघडायचं होतं. दारावर नऊ पाकळ्यांचं गुलाबी कमळ हवं, असं वस्तीतल्या लोकांनी चाचांना सांगितलं. चाचांनी कबूल केलं, हैदराबादहून जाड दाणेदार गुलाबी काच आणली, आणि पहिल्याच पाकळीला त्यांच्या हातातली काच कापायची हिरकणी थरथरून भलतीकडे गेली. दुसऱ्या पाकळीलाही तेच झालं. कंप वर्षभर होता, त्यांनी तो लपवला होता. राहिलेल्या काचेत बेतून नऊच पाकळ्या निघत होत्या. चाचा काच चादरीत गुंडाळून आमच्या अंगणात आले आणि म्हणाले, "मालक, हात नक्को बोल रा. मैं उनको जाके ना बोल देतूं. इसके बाद काम बंद."

"बंद कशाला? मशीनवर कापू," घरमालक म्हणाले. वळणाच्या पाकळ्या मशीनवर निघणार नव्हत्या, म्हणून चाचांनी सरळ कडांच्या, पतंगासारख्या पाकळ्या आखल्या.

ते विद्यापीठाच्या नामांतराच्या वादाचे दिवस होते. हॉटेलातही माणसं शेजारी कोण बसलंय ते पाहून बोलत. एकानं घरमालकांना विचारलंच, "तुमाला काय पडलंय त्या वस्तीचं?" घरमालक म्हणाले, "मला कुटं? मशीनला पडलंय." त्यांच्यापुरता तो विषय तिथे संपला.

गुलाबी काचेला हात लावण्याआधी साध्या काचेवर प्रयोग करायचे ठरले. साधी काच जवळ कुठे होती, तर माझ्या खिडकीला. मी कचेरीतून आलो तेव्हा एक काच गेली होती. "उन्हाळा हाय, वारं येऊ दे," घरमालक म्हणाले. त्या काचेची कड उंदरानं कुरतडल्यासारखी निघाली. चकती डुगडुगते असं निदान झालं, तेव्हा तिच्यामागे सिगारेटच्या पाकिटाचा पुठ्ठा बसला आणि माझी दुसरी काच गेली. मग चकती गुळगुळीत झाली म्हणून ती विटेवर चालवून खरबरीत केली. मशीन थरथरतं म्हणून त्याच्या पायांवर वाळूची पोती ठेवली. काच लाकडी फळीवर घट्ट बसवून, दुसऱ्या फळीच्या आधारानं मुंगीच्या चालीनं पुढे सरकवली. तिसरी काच जवळजवळ साधली, पण कडेचे टवके काही थांबेनात. पेला कानाला लावून घरमालक मशीनला म्हणाले, "आता तुमीच सांगा." पौर्णिमा चार दिवसांवर आली होती. चाचा दोन्ही हात काखेत दाबून लिंबाखाली बसले होते.

दोष सापडला तो मालकीणबाईंना. त्या सांडगे उचलायला अंगणात आल्या, ट्रेमध्ये हात घातला आणि पाणी चिमटीत चोळून पाहिलं. "अवो, ह्यात तर सगळ्या परभणीची फरशी हाय," त्या म्हणाल्या. "ह्या पाण्यात डाळ शिजवली असती का मी? कचकच लागली असती दाताला. मग काचेला लागंना का?" घरमालकांनीही पाणी चिमटीत चोळून पाहिलं. निवळ म्हणून जपलेल्या पाण्यातली दगडाची बारीक कच चकतीबरोबर वर येत होती आणि काचेची कड खात होती.

ताजं पाणी कुठून आणायचं? नळ चौथ्या दिवशी येई. घरमालकांनी आपल्या वाटणीच्या आंघोळीच्या दोन बादल्या मशीनला दिल्या आणि भर वैशाखात स्वतः पारोसे राहिले. जुनं पाणी ओतून देताना त्यांचा चेहरा पाहवत नव्हता. चाचा नमाजाला गेले होते तेव्हा घरमालकांनी माझी चौथी काच कापली. लोण्यातून सुरी जावी तशी चकती गेली आणि कडेवर बोट फिरवावं तर कुठे टोचेना.

चाचा परत आले. गुलाबी काच फळीवर बसली, मशीन सुरू झालं. घरमालकांनी काच सरकवली, चकतीला टेकण्याआधीच मागे घेतली आणि मशीन बंद केलं.

"चाचा, मला जमंना."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी ते मिटलं. "काच कळणारा हात पायजे ह्याला," ते म्हणाले. "माझ्या हातानं फुटंल. तू धर."

चाचा उठेनात. मग उठले. काखेतले हात काढून त्यांनी फळीवर ठेवले. दोन फळ्यांच्या बेचक्यात थरथरायला जागाच नव्हती. काच सरळ पुढे गेली आणि पहिली पाकळी अलगद सुटली. चाचांनी ती उन्हात धरली तेव्हा गुलाबी उजेड त्यांच्या दाढीवर हलत होता. संध्याकाळपर्यंत नऊ पाकळ्या झाल्या, एकही फुटली नाही. पौर्णिमेला विहाराच्या दाराखाली कुणी विचारलं, कारागीर कोण, तर घरमालकांनी चाचांना दंडाला धरून पुढे केलं.

पुढच्या थंडीत चाचा गेले. त्यानंतर महिन्याभरानं पिंगळीचा एक गृहस्थ कमळ पाहून आला, त्याला घराच्या दारावर मोर हवा होता. घरमालक मशीन पुसत होते. "काच आपल्याला जमत न्हाई," ते म्हणाले. "त्ये काम चाचाचं व्हतं." गृहस्थ म्हणाला, मशीन तर समोर दिसतंय, पाहा की प्रयत्न करून. "न्हाई जमत," घरमालक पुन्हा म्हणाले आणि पुसून स्वच्छ झालेली चकती पुन्हा पुसू लागले. ते खोटं बोलत होते हे त्या अंगणात मला एकट्यालाच माहीत होतं, आणि मला त्यांचं फार वाईट वाटलं. मी त्या गृहस्थाला फाटकापर्यंत पोचवून आलो.